डॉली पार्टन यांना उमजलेले रॉक

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गायली, तेव्हा त्या कार्यक्रमाला त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले होते. दुसऱ्याचे गाजलेले गाणे आपण का गावे आणि कसे गावे, या प्रश्नाचे उत्तर त्या तीन शब्दांत आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. गाणे आपल्याला उमजले असेल, तर ते आपल्या गळ्यातून वेगळे होऊनच बाहेर येते. ते केवळ पाठ असेल, तर ऐकणाऱ्याला मूळ गायकाची आठवण येत राहते. अमेरिकन कंट्री संगीतातील ज्येष्ठ गायिका आणि गीतकार डॉली पार्टन यांचा 'रॉकस्टार' हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकताना मी हीच कसोटी मनाशी धरली होती, आणि तीस गाण्यांच्या या प्रचंड संग्रहाला तिच्याखेरीज दुसऱ्या कोणत्या मापाने मोजता येईल, असे मला वाटत नाही.

हा अल्बम १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रकाशित झाला, तेव्हा पार्टन ७७ वर्षांच्या होत्या. त्याच्या जन्माची कथा मोठी लोभस आहे. २०२२ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या रॉकमधल्या मानकऱ्यांचा गौरव करणाऱ्या संस्थेसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा त्या मानावर आपला अजून हक्क नाही, असे सांगून त्यांनी मार्च महिन्यात नम्रपणे माघार घेतली. मात्र त्याच निवेदनात, या निमित्ताने एखादा चांगला रॉक अल्बम करण्याची उमेद आली आहे, असेही त्यांनी म्हटले. संस्थेने त्यांचे नाव मागे घेतले नाही, मतदारांनी त्यांना निवडले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या सोहळ्यात त्यांचा सन्मान झाला. मान आधी मिळाला आणि तो सार्थ ठरवण्यासाठी काम नंतर केले, असा हा उलटा क्रम आहे, आणि त्यातली सचोटी या अल्बमच्या गुणांत जशी दिसते तशीच, दुर्दैवाने, दोषांतही दिसते. त्या रात्री पार्टन यांच्याबरोबर त्यांचेच 'जोलीन' हे गाणे गाण्यासाठी मंचावर आलेल्यांत पिंक, ब्रँडी कार्लाइल, पॅट बेनाटार आणि जुडास प्रीस्ट या रॉक समूहाचे रॉब हॅलफर्ड होते. हे सर्व जण या अल्बमवरही आहेत. दुसरे निमित्त घरातले आहे. त्यांचे पती कार्ल डीन हे जन्मभर रॉकचे चाहते होते, आणि त्यांच्या आवडीची गाणी कधीतरी गायची ही इच्छा पार्टन यांनी अनेकदा बोलून दाखवली होती.

अल्बमची मांडणी अशी आहे: एकूण ३० गाणी, त्यांपैकी २१ इतरांची आणि ९ त्यांची स्वतःची, आणि पूर्ण ऐकण्यासाठी लागणारा वेळ सुमारे दोन तास वीस मिनिटे. सीडीवर तो दोन चकत्यांत आणि एलपीवर चार तबकड्यांत मावतो. निर्मिती केंट वेल्स यांच्यासह झाली आहे. पाहुण्या कलाकारांची यादी वाचतानाच दम लागावा अशी आहे: स्टिंग, एल्टन जॉन, स्टीव्ही निक्स, जॉन फोगर्टी, डेबी हॅरी, जोन जेट, पीटर फ्रॅम्प्टन, आणि बीटल्समधले हयात असलेले दोघेही, म्हणजे पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या मुख्य अल्बम यादीत हा संग्रह तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला, आणि पार्टन यांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्या यादीतला हा त्यांचा सर्वांत वरचा क्रमांक ठरला. लोकांनी प्रेमाने घेतलेला हा अल्बम आहे, हे आधी नोंदवायला हवे, कारण पुढे मी त्याच्याविषयी काही कठोर बोलणार आहे.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचे गाजलेले गाणे आपण गाणे, हा प्रकार आपल्या कानाला परका वाटण्याचे कारण नाही. एकच बंदिश चार घराण्यांत चार तऱ्हांनी गायली जाते, एकाच अभंगाला दोन पिढ्या दोन चाली लावतात, आणि त्याला कोणी उसनवारी म्हणत नाही. रॉकच्या परंपरेतही तसेच आहे. रोलिंग स्टोन्सचे 'सॅटिस्फॅक्शन' १९६५ साली आले आणि त्याच वर्षी ओटिस रेडिंग यांनी ते सोल शैलीत गाऊन दुसऱ्याच गावचे करून टाकले. कव्हर म्हणजे काय हे तर पार्टन यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे त्यांचे १९७४ चे गाणे जगभर पोहोचले ते १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन यांच्या आवाजात. मूळ गाणे म्हणजे हलक्या आवाजात, हात हातात घेऊन केलेली विनवणी. ह्यूस्टन यांनी वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्याने सुरुवात करून त्याचा कळस उभारला. दोन्ही गाणी एकमेकांच्या शेजारी उभी राहू शकतात, कारण एकीने दुसरीची नक्कल केलेली नाही.

पार्टन यांनी स्वतःही हे पूर्वी करून दाखवले आहे, आणि म्हणूनच माझी अपेक्षा मोठी होती. २००१ सालच्या 'लिटल स्पॅरो' या अल्बमवर त्यांनी कलेक्टिव्ह सोल या रॉक समूहाचे 'शाइन' घेतले, विजेच्या गिटारी बाजूला ठेवून बँजो, फिडल आणि मँडोलिनच्या डोंगराळ ठेक्यावर ते उभे केले, आणि त्या गायनाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षीच्या 'हेलोज अँड हॉर्न्स'वर त्यांनी लेड झेपलिनचे १९७१ सालचे 'स्टेअरवे टू हेवन' हे अवजड गाणे तशाच साध्या वाद्यमेळात गायले आणि शेवटी त्याला चर्चमधल्या समूहगानाची जोड दिली. स्वर्गाचा जिना या कल्पनेला मूळ गाण्यात जे गूढ आणि काहीसे धूसर वलय आहे, ते त्यांनी पुसले आणि तिथे टेनेसीच्या डोंगरातली, लहानपणापासून ऐकलेली भोळी श्रद्धा आणली. ते गाणे सर्वांना रुचले नाही. मला मात्र त्यात 'उमजणे' म्हणजे काय ते दिसते.

'रॉकस्टार'वर हेच गाणे पुन्हा आहे, आणि संपूर्ण अल्बमचा प्रश्न तिथे एका जागी सापडतो. या वेळी वाद्यमेळ मूळ ध्वनिमुद्रणाच्या अगदी जवळ ठेवला आहे. आरंभीची हळुवार गिटार, टप्प्याटप्प्याने वाढणारा भार, मग ढोल आणि शेवटचा स्फोट हे सारे ओळखीच्या क्रमाने येते. गायिका लिझो यांची बासरी सुरेख आहे आणि ती ऐकताना क्षणभर वाटते की आता गाणे वेगळ्या वाटेला लागेल. पण ते पुन्हा मळलेल्या रस्त्यावर येते. गायनात उणे काही नाही. उणे आहे ते हे, की २००२ साली पार्टन यांनी हे गाणे स्वतःच्या घरी आणून त्याला आपल्या ओसरीवर बसवले होते, आणि २०२३ साली त्या स्वतः त्या गाण्याच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या. पाहुणा कितीही गुणी असला तरी दुसऱ्याच्या घरातले सामान हलवायला तो धजत नाही.

हा पाहुणेपणा अल्बमच्या बऱ्याच भागात जाणवतो. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मध्ये स्टिंग स्वतः सोबत आहेत, गिटारीची ती प्रसिद्ध गुंफण जवळपास जशीच्या तशी आहे, आणि पार्टन यांनी त्यात आपला स्वर नेमका बसवला आहे. परंतु हे गाणे मुळात प्रेमाचे नसून पाळत ठेवणाऱ्या मत्सरी मनाचे आहे, आणि एक स्त्री ते गाते तेव्हा त्याचा अर्थ कुठल्या कुठे जाऊ शकतो, ही शक्यता हातची निसटली आहे. 'कीप ऑन लव्हिंग यू', 'बेबी, आय लव्ह युअर वे' आणि 'ओपन आर्म्स' यांबाबतही हेच म्हणावे लागेल. मूळ गायक समोर आहेत, वाद्यमेळ मूळचाच आहे, पट्टीही फारशी दूर गेलेली नाही. मग ऐकणाऱ्याने नव्याने काय घ्यावे? 'ओपन आर्म्स'मध्ये स्टीव्ह पेरी यांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळतो हा आनंद खरा आहे, कारण ते फार क्वचित गातात. पण तो आनंद पेरी यांचा आहे, गाण्याच्या नव्या रूपाचा नाही. अनेक युगुलगीतांत दोघे गायक एकमेकांना उत्तर देण्याऐवजी आपापली ओळ पार पाडताना ऐकू येतात. जुगलबंदीत एकाने घेतलेल्या जागेने दुसऱ्याला डिवचायला हवे. इथे आदर इतका आहे की कोणी कोणाला डिवचतच नाही.

डोंगराळ भागातल्या उच्चारांचा, बारीक कंप असलेला, वरच्या पट्टीत लकाकणारा पार्टन यांचा स्वर रॉकला साजेसा आहे का, अशी शंका काहींनी घेतली होती. ती मला पटत नाही. रॉकला घोगरा, फाटका आवाजच लागतो असे नाही. ज्या आवाजात आपला माणूस ओळखू येतो तो आवाज लागतो, आणि पार्टन यांचा आवाज एका शब्दात ओळखू येतो. ७७ व्या वर्षी त्यांच्या श्वासात दम आहे, वरच्या जागा त्या टाळत नाहीत, आणि शब्द इतके स्वच्छ आहेत की इंग्रजी गाण्यांची फारशी सवय नसलेल्या श्रोत्यालाही ते कळावेत. अडचण ध्वनिमुद्रणाच्या तोलाची आहे. गिटारी आणि ढोल बहुतेक गाण्यांत एकाच उंचीची भिंत बांधून उभे राहतात, आवाज त्या भिंतीपुढे ठेवलेला असतो, आणि मधल्या मोकळ्या जागा, ज्यांत पार्टन यांची हरकत खुलते, त्या बुजून जातात. लागोपाठ सहा-सात गाणी ऐकल्यावर कान थकतो. गाणी दुबळी नाहीत, पण त्यांच्यात उजेड-सावलीचा फरक फार कमी आहे.

जिथे ती जागा मोकळी राहिली आहे, तिथे अल्बम एकदम उजळतो. जॉन फोगर्टी यांच्यासोबतचे 'लाँग ॲज आय कॅन सी द लाइट' हे माझ्या मते या संग्रहातले सर्वांत मनापासून गायलेले कव्हर आहे. १९७० सालचे हे गाणे प्रवासाला निघालेल्या माणसाचे आहे. खिडकीत दिवा ठेव, तो दिसत राहील तोवर मी वाट चुकणार नाही, असे तो सांगतो. बारा भावंडांच्या गरीब घरातून निघून नॅशव्हिलला गेलेल्या आणि पुढे आयुष्यभर त्याच डोंगरांविषयी लिहीत राहिलेल्या गायिकेला या गाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथे त्या मूळ गाण्याच्या मागे चालत नाहीत, त्याच्या आत राहतात. 'व्हॉट्स अप?' हेही असेच जमले आहे. ते लिहिणाऱ्या आणि मूळ गाणाऱ्या लिंडा पेरी यांनी २०१८ साली 'डम्प्लिन' या चित्रपटाच्या संगीतासाठी पार्टन यांच्यासोबत काम केले होते, आणि ती ओळख गाण्यात कळते. पंचविशीतल्या मुलीचा त्रागा पंचाहत्तरी उलटलेल्या बाईच्या तोंडी आला की तो त्रागा राहत नाही, आयुष्यभर पुरलेला प्रश्न होतो, आणि त्यासाठी चालीत काही बदलावेही लागत नाही.

'मॅजिक मॅन' या हार्ट समूहाच्या गाण्याला त्यांनी 'कार्लची आवृत्ती' असे उपशीर्षक दिले आहे. ॲन विल्सन यांचा दणकट आवाज आणि पार्टन यांचा तलम आवाज इथे खरोखर एकमेकांवर घासतात, आणि जी ठिणगी इतरत्र शोधावी लागते ती आपोआप पडते. पॅट बेनाटार आणि नील जिराल्डो यांच्यासोबतच्या 'हार्टब्रेकर'मध्ये असाच जोम आहे. 'रेकिंग बॉल' मध्ये मायली सायरस आहेत. त्या पार्टन यांच्या मानसकन्या, आणि त्या नात्यातली ऊब आवाजांत उतरली आहे. मायलींचा जाड, खरखरीत स्वर पुढे जातो आणि पार्टन त्याला मागून सावरून घेतात. एरवी यजमानीण असलेल्या गायिकेने आपल्याच अल्बमवर असे अर्धे पाऊल मागे येणे मला फार हृद्य वाटले.

'यू आर नो गुड' ऐकताना माझे लक्ष गाण्यापेक्षा त्यातल्या एका रिकाम्या जागेकडे गेले. १९८७ साली पार्टन, एमिलू हॅरिस आणि लिंडा रॉनस्टाट या तिघींनी मिळून 'ट्रिओ' हा अल्बम केला होता, आणि तीन स्त्रियांच्या सुरांची इतकी एकजीव गुंफण मी त्यानंतर क्वचितच ऐकली. रॉनस्टाट यांनी गाजवलेले हे गाणे आता हॅरिस, शेरिल क्रो आणि पार्टन गातात, कारण आजारपणामुळे रॉनस्टाट यांना गाणे सोडावे लागले. जाता जाता सांगायला हवे की रॉनस्टाट यांचे गाणेही कव्हरच होते. १९६३ साली ते डी डी वॉरविक यांनी गायले होते. एखादे गाणे असे हातोहात पुढे जाते, आणि ज्याने त्यात आपले काही घातले त्याचे नाव त्याला चिकटते. या तिघींनी ते मनापासून गायले आहे, परंतु ते पुढेही रॉनस्टाट यांच्याच नावाने ओळखले जाईल.

पाहुण्यांशिवाय गायलेल्या 'पर्पल रेन'विषयी माझे मत अजूनही पक्के होत नाही. पहिल्यांदा ते मला फारच मूळबरहुकूम वाटले. नंतरच्या वेळी पार्टन यांनी शब्दांवर दिलेला हलका जोर, माफी मागतानाचा कुठेही न रडवेला होणारा स्वर, यांमुळे ते जवळचे वाटू लागले. प्रिन्स यांच्या गाण्यात जो आकांत आहे त्याऐवजी इथे समजूत आहे. 'वी आर द चॅम्पियन्स' मात्र मला कोणत्याही वेळी पटले नाही. ते गाणे हजारोंच्या गर्दीने गायचे आहे, आणि जिंकलेल्याच्या तोऱ्यापेक्षा हरलेल्याला जवळ घेणे हा पार्टन यांच्या गाण्याचा स्वभाव आहे.

त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत 'वर्ल्ड ऑन फायर' हे सर्वांत उठून दिसते. राजकारण्यांच्या खोटेपणावर आणि पेटलेल्या जगावर पार्टन यांनी इतक्या उघडपणे क्वचितच लिहिले आहे, आणि समूहस्वरांचा तो पाय आपटत चालल्यासारखा ठेका त्या रागाला शोभतो. शीर्षकगीत, ज्याच्या आरंभी घरातली मोठी माणसे मुलीला गिटारीच्या आवाजावरून दटावतात, ते आनंदी आणि साधे आहे. किड रॉक यांच्यासोबतचे 'ईदर ऑर' वगळले असते तरी काही बिघडले नसते. 'आय ड्रीम्ड अबाउट एल्विस' हे गाणे संगीत म्हणून मोठे नाही, पण त्यामागची हकीकत माहीत असेल तर ते चटका लावते. एल्विस प्रेस्ली यांना 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायचे होते. त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी गाण्याच्या प्रकाशनहक्कांतला निम्मा वाटा मागितला, आणि पार्टन यांनी, मनातून फार हळहळत, नकार दिला. जे प्रत्यक्षात झाले नाही ते त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी स्वप्न म्हणून गाण्यात आणले. स्वतःच्या गाण्याची किंमत ओळखणारी ही गीतकार जेव्हा दुसऱ्याच्या गाण्यापुढे इतकी नमते, तेव्हा त्या नमण्यामागचे कारण कळते. तरीही गाण्याच्या दृष्टीने ते जरा जास्त झाले, असे म्हणणे भाग आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा 'माय ब्लू टिअर्स' हा आहे. हे गाणे पार्टन यांच्या १९७१ सालच्या 'कोट ऑफ मेनी कलर्स' या अल्बमवरचे आहे, म्हणजे इथे त्या स्वतःच्याच जुन्या गाण्याकडे परतल्या आहेत, आणि सोबतीला ड्युरान ड्युरानचे सायमन ल बॉन आहेत. या एका गाण्यात वाद्ये मागे सरतात, आवाजाला हवा मिळते, आणि दोन वेगळ्या देशांतले, वेगळ्या शैलीतले दोन गळे एकमेकांकडे कान देऊन गातात. आपल्या मालकीच्या गाण्यातले सामान हलवायला परवानगी लागत नाही, म्हणून इथे पार्टन मोकळ्या आहेत. असाच मोकळेपणा उरलेल्या वीस-एकवीस गाण्यांबाबत त्यांनी दाखवला असता तर!

अखेरची दोन गाणी सलग ऐकावीत. 'लेट इट बी'मध्ये मॅकार्टनी पियानोवर आणि रिंगो स्टार ढोलांवर आहेत, आणि पार्टन ते गाणे प्रार्थनेसारखे गातात. बदल इथेही थोडा आहे, पण हे गाणे मुळातच त्यांच्या चर्चमधल्या संस्कारांच्या इतके जवळचे आहे की बदलाची उणीव भासत नाही. त्यानंतरचे 'फ्री बर्ड' दहा मिनिटांहून मोठे आहे. ज्या समूहाचे हे गाणे, त्या लिनर्ड स्किनर्डचे गायक रॉनी व्हॅन झँट १९७७ साली विमान अपघातात गेले. त्यांचा जुना ध्वनिमुद्रित आवाज इथे पार्टन यांच्या आवाजाशेजारी ठेवला आहे. त्याच समूहाचे गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन यांचे वादनही यात आहे, आणि अल्बम प्रकाशित होण्याच्या आठ महिने आधी, मार्च २०२३ मध्ये, तेही गेले. गेलेल्या माणसाच्या आवाजासोबत गाणे हा प्रकार मला एरवी अस्वस्थ करतो. इथे मात्र पार्टन त्या आवाजावर चढत नाहीत, त्याला वाट करून देतात, आणि शेवटच्या लांबलचक गिटारवादनात स्वतः गप्प होतात.

ज्यांना दोन तास वीस मिनिटे एका बैठकीत देता येणार नाहीत, आणि तशी देऊही नयेत, त्यांनी 'वर्ल्ड ऑन फायर', 'मॅजिक मॅन', 'लाँग ॲज आय कॅन सी द लाइट', 'रेकिंग बॉल', 'व्हॉट्स अप?', 'हार्टब्रेकर', 'माय ब्लू टिअर्स' आणि शेवटची दोन गाणी एवढीच वेगळी काढून ऐकावीत. ही नऊ गाणी एलपीच्या एका तबकडीत बसवली असती, तर मी हा अल्बम पार्टन यांच्या उत्तम कामांत विनासंकोच धरला असता. आणि 'स्टेअरवे टू हेवन' ऐकायचे असेल, तर ते २००२ सालचे ऐकावे.